ठोकलेली गाडी: क्लेमपासून डिलिव्हरीपर्यंत

गाडी ठोकली गेली की नवख्या मालकाचा जीव रंगात अडकतो. शेड जुळेल का, पोचा दिसेल का, एवढंच डोक्यात असतं. पण दुरुस्तीचा दर्जा आणि खिशातून जाणारे पैसे, दोन्ही ठरतात ते बॉडी शॉपच्या इस्टिमेटवर, म्हणजे काम सुरू होण्याआधीच. त्या कागदावर जी ओळ नाही ते काम सहसा होत नाही, आणि झालंच तर त्याचे पैसे विमा कंपनी सहजासहजी देत नाही. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा इस्टिमेटला दिली आहे. क्लेम कळवायची मुदत, घसाऱ्याचे (जुन्या झालेल्या भागांच्या घटलेल्या किमतीचे) दर, पोलिसांकडे नोंद लागते की नाही, हे मात्र प्रत्येकाने आपल्या पॉलिसीत आणि आपल्याकडच्या नियमांत बघायचं.

पायरी १: जागेवर

माणसं सुखरूप आहेत ना, हे आधी. मग इंजिन बंद, हझार्ड दिवे चालू, आणि धोका नसेल तर गाड्या हलवण्यापूर्वी फोटो. चारही कोपऱ्यांवरून तिरपा एकेक फोटो काढा, म्हणजे एका फोटोत गाडीच्या दोन बाजू येतात. नंबर प्लेटसह धक्क्याची जागा थोडी लांबून आणि मग जवळून. समोरच्या गाडीचंही तसंच. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, सांडलेल्या काचा, सिग्नल किंवा फलक, आणि डॅशबोर्डवरचं किलोमीटरचं रीडिंग व पेटलेले दिवे. डॅशबोर्डचा फोटो बहुतेक जण विसरतात. एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा धक्क्यानंतर लगेच पेटला होता, हे नंतर सिद्ध करायला तोच कामी येतो.

समोरच्याशी नाव, संपर्क, विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक यांची देवाणघेवाण करा. चूक कोणाची हे रस्त्यावर ठरवू नका, आणि ‘माझीच चूक’ असं लिहून तर मुळीच देऊ नका. अनेक पॉलिसींमध्ये कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायला मनाई असते.

आता खरा निर्णय: गाडी चालवत न्यायची की टो करायची? बंपरखाली वाकून बघा. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर काळजी नको. पण हिरवं, गुलाबी किंवा निळसर, थोडं चिकट पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट. रेडिएटर बंपरच्या मागेच असतो आणि मध्यम धक्क्यातही त्याला चीर जाते. कूलंट गळत असताना दहा-पंधरा मिनिटं गाडी दामटली की इंजिन तापतं, हेड गॅस्केट (इंजिनच्या सांध्यातलं सील) उडतं, आणि सर्व्हेअर (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) लिहितो की हे नुकसान अपघाताचं नसून नंतर गाडी चालवल्याचं आहे. क्लेम फेटाळला जाण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि बऱ्याचदा कंपनीचं म्हणणं बरोबरही असतं. चाक मागे सरकलंय, टायर कुठेतरी घासतोय, सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतंय, एअरबॅग उघडलीय, बॉनेटचं लॉक धरत नाही, यातलं काहीही असेल तर टोइंगच. ऑल-व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाडी फ्लॅटबेडवर, चारही चाकं वर घेऊनच न्यावी. दोन चाकं जमिनीवर फिरत राहिली तर ड्राइव्हलाइनचं (चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या भागांचं) किंवा मोटारीचं नुकसान होऊ शकतं. इलेक्ट्रिक गाडी खालून आपटली असेल तर बॅटरी तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर किल्ली फिरवूच नका. ‘सुरू होते का बघू’ म्हणून मारलेला एक स्टार्टर सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळवतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान कित्येक पॉलिसींत मूळ संरक्षणात येत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

पायरी २: क्लेम करायचा की नाही

पॉलिसीत चार गोष्टी शोधा. स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात आहे, की ती फक्त तिसऱ्या पक्षापुरती आहे? डिडक्टिबल किती, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही भरायचा ठरलेला वाटा? बदललेल्या भागांवर घसारा कापला जातो का, की घसारामाफीचं कव्हर घेतलेलं आहे? आणि क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सवलत किती साचली आहे?

मग साधी वजाबाकी. बिल १०० मानू. त्यातले २० घसाऱ्यात गेले, ३० डिडक्टिबलमध्ये गेले, हाती आले ५०. नूतनीकरणाच्या वेळी हातची सवलत गेल्याने पुढच्या दोन-तीन वर्षांत मिळून ६० जास्त भरावे लागणार असतील, तर हा क्लेम तोट्याचा. नुसता ओरखडा किंवा एखादा पोचा असेल तर उत्तर बहुतेक वेळा ‘स्वतः भरा’ असंच येतं. मात्र कोणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर कंपनीला कळवणं टाळू नका. त्यांचा दावा काही महिन्यांनीही येऊ शकतो.

क्लेम फॉर्मवर घटना चार ओळींत, जशी घडली तशी लिहा. वेगाचे अंदाज, ‘बहुधा असं झालं असेल’ वगैरे नको. सर्व्हेअर धक्क्याची दिशा, उंची आणि पत्र्याला लागलेला दुसऱ्या गाडीचा रंग तुमच्या वर्णनाशी ताडून बघतो. पुढून धडक लिहिली आणि मागच्या दारावरचा जुना, कडेला गंज धरलेला ओरखडाही यादीत घातला, तर तो ओरखडा कटतोच, शिवाय उरलेल्या क्लेमकडेही संशयाने पाहिलं जातं. दोन वेगळ्या घटना म्हणजे दोन क्लेम आणि दोन डिडक्टिबल.

पायरी ३: बॉडी शॉप

विमा कंपनीच्या नेटवर्कमधलं शॉप घेतलं तर पैसे परस्पर वळते होतात. बाहेरचं घेतलं तर आधी बिल भरून नंतर परतावा मागावा लागतो. सोय आणि दर्जा या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून शॉप कुठलंही असो, आत फिरून बघा. बंद पेंट बूथ आहे का, की उघड्यावर रंग मारतात? चॅसिस मोजायची सोय आहे का, की नजरेने ओढतात? स्पॉट वेल्डिंगचं यंत्र आहे का? गाडीला विंडशील्डमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळवणी, कोण करणार? ॲल्युमिनियमचे पॅनल असतील तर त्यांची हत्यारं लोखंडाच्या कामापासून वेगळी ठेवली आहेत का? लोखंडाचा कीस ॲल्युमिनियममध्ये रुतला की तिथून रंगाखाली गंजाचे फोड येतात. शेवटी, कामाची हमी लेखी आणि किती मुदतीची? ‘काळजी करू नका साहेब’ याला हमी म्हणत नाहीत.

पायरी ४: सर्व्हे आणि इस्टिमेट

सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी एकही भाग उघडू किंवा बदलू द्यायचा नाही. तो येईल तेव्हा शक्यतो तिथे हजर राहा आणि तुमचे जागेवरचे फोटो दाखवा.

इस्टिमेटमध्ये कामाच्या तीन प्रकारच्या ओळी असतात: भाग बदलणे, भाग दुरुस्त करणे, आणि चांगला भाग नुसता काढून परत बसवणे. तिसरा प्रकार सगळ्यात दुर्लक्षित. दाराला रंग द्यायचा तर हँडल, आरसा, काचेखालची रबरी पट्टी काढूनच द्यायला हवा. ती ओळ नसेल तर पेंटर मास्किंग टेप लावून काम उरकतो, आणि वर्ष-दोन वर्षांत टेपच्या कडेपासून क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) सुटायला लागतो.

समोरचा डावा कोपरा ठोकला गेलाय असं धरू. बाहेरून दिसतं ते बंपर, हेडलॅम्प आणि फेंडर. आत काय काय असतं बघा: बंपरचे प्लास्टिक ब्रॅकेट, धक्का शोषणारा फोम, त्यामागचा क्रॅश बीम, रेडिएटर सपोर्ट, एसीचा कंडेन्सर, वॉशरची टाकी, हॉर्न, चाकावरचं प्लास्टिकचं लायनर. बंपरचं प्लास्टिक धक्क्यानंतर बरंचसं परत आकारात येतं. मागचा बीम येत नाही. म्हणून पहिलं इस्टिमेट कधीच अंतिम नसतं. गाडी उघडल्यावर जे सापडेल त्याचं पुरवणी इस्टिमेट होतं, आणि ते सर्व्हेअरने मंजूर केल्यावरच काम पुढे जायला हवं. शॉपला सांगून ठेवा: आत काही सापडलं तर थांबायचं, फोटो काढायचे, कळवायचं. मंजुरीआधी बदललेला भाग बिलातून कटतो आणि तो भुर्दंड तुमच्यावर येतो.

हमखास गाळल्या जाणाऱ्या ओळी:

- क्लिपा आणि एकदाच वापरायचे बोल्ट. जुन्या तुटक्या क्लिपांवर बसवलेला बंपर महिन्याभरात कोपऱ्यात झुकतो.
- कूलंट आणि एसी गॅस.
- वेल्डिंगनंतरचा सीम सीलर (पत्र्यांचे जोड बुजवणारा लेप) आणि पोकळीतलं गंजरोधक मेण. हे बाहेरून दिसत नाही, म्हणूनच गाळलं जातं.
- दुरुस्तीआधी आणि नंतर कंप्युटर स्कॅन. डॅशबोर्डवर दिवा नसतानाही आत फॉल्ट कोड असू शकतो.
- चाक किंवा सस्पेन्शनला मार बसला असेल तर व्हील अलाइनमेंट.
- कॅमेरा, रडारचं कॅलिब्रेशन.
- शेजारच्या पॅनलवर रंग मिसळवणं. याबद्दल पुढे.

भागांपुढे मूळ कंपनीचा, बाहेरचा की जुन्या गाडीवरून काढलेला, हे लिहून घ्या. बाहेरच्या बनावटीचं लायनर चालून जातं. बाहेरचं बॉनेट किंवा फेंडर बसवताना फटी जुळवायला डेंटरला तासन्‌तास झगडावं लागतं. एअरबॅग, सीटबेल्ट, सेन्सर यांत तडजोड नको. एअरबॅग उघडली असेल तर सोबत पेटलेले सीटबेल्टचे प्रिटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारे भाग) बदलायचे असतात, नियंत्रण मॉड्यूल आणि धडक-सेन्सर यांच्याबद्दल उत्पादक काय सांगतो तेही बघावं लागतं.

दुरुस्ती की बदली? बोल्टने बसणारे भाग, म्हणजे फेंडर, बॉनेट, दार, डिकीचं झाकण, जास्त खराब असतील तर खुशाल बदला. वेल्ड केलेल्या भागांची गोष्ट वेगळी. मागचं क्वार्टर पॅनल बदलायचं म्हणजे गाडीचा पत्रा कापून, कारखान्याचे वेल्ड तोडून नवा जोडायचा. तिथे पत्रा ताणला गेला नसेल तर चांगल्या डेंटरची दुरुस्ती केव्हाही सरस. ‘सगळं नवीनच टाका’ हा आग्रह इथे उलटा पडतो. रंग न फुटलेला, उथळ पोचा असेल तर आतून दाब देऊन, रंग न देता काढता येतो का ते आधी विचारा. कारखान्याचा मूळ रंग शाबूत राहण्यासारखं दुसरं काही नाही. तीक्ष्ण घडी पडली असेल किंवा पोचा अगदी कडेला असेल तर ही पद्धत सहसा चालत नाही.

एका बाबतीत ठाम राहा. आधुनिक गाड्यांचे पिलर (छताचे खांब) आणि सिल (दाराखालचा उंबरठा) यांत अतिउच्च क्षमतेचं पोलाद असतं. बोरॉन स्टीलची ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास असते. ते गॅसच्या ज्योतीवर लाल करून सरळ केलं की दिसायला सरळ होतं, ताकद मात्र निघून जाते. असा भाग उत्पादकाने सांगितलेल्या रेषेवर कापून बदलायचा असतो.

पायरी ५: काम चालू असताना

एक फेरी नक्की मारा, आणि ती प्रायमर (रंगाखालचा थर) मारण्याच्या आधी. रंग चढला की खालचं काही दिसत नाही.

बघायची ती लांबी, म्हणजे पुट्टी. पत्रा ठोकून, ओढून जवळजवळ जागेवर आणायचा आणि उरलेली उंचसखल जागा पुट्टीने भरायची, असा क्रम असतो. थर साधारण ३ मिलिमीटरच्या आत हवा. आळशी काम म्हणजे पोचा तसाच ठेवून त्यात पुट्टीचा लगदा थापणं. जाड थर आकसतो, उन्हा-थंडीत पत्र्याबरोबर ताणला-आकुंचला जात नाही आणि शेवटी तडकतो. हार्डनर (पुट्टी घट्ट करणारं रसायन) वजनाने २ टक्क्यांच्या आसपास घालायचा असतो. लवकर सुकावं म्हणून जास्त घातला की त्यातलं पेरॉक्साइड वर झिरपतं आणि पांढऱ्या गाडीवर काही आठवड्यांनी पिवळसर डाग उमटतो. कमी घातला तर पुट्टी आत मऊच राहते. शिवाय ती नीट न ढवळता लावली की हवेचे बुडबुडे राहतात आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडतात. ती प्रायमरने बुजत नाहीत. वेगळ्या बारीक पुट्टीने भरावी लागतात.

पुट्टी ८० नंबरच्या खरखरीत पेपरने घासायला सुरुवात होते, मग त्याहून बारीक १८०, त्यावर प्रायमर सर्फेसर, तो ३२० ते ५०० पर्यंत. मधला एखादा टप्पा गाळला की खरखरीत रेघा रंगाखालून दिसायला लागतात, आणि त्या दिसतात महिन्याने, थर आकसल्यावर. तुम्ही प्रायमरआधी तिथे असाल तर तळवा सपाट ठेवून लांब हात फिरवा. डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते.

प्लास्टिकच्या बंपरवर रंगाआधी चिकट पकड देणारा वेगळा प्रायमर लागतो. कच्च्या पॉलिप्रॉपिलीनवर रंग स्वतःहून धरत नाही. हा प्रायमर गाळला की प्रेशर वॉशरच्या फवाऱ्याखाली रंगाच्या पापड्या निघतात. बंपरमध्ये रडार असेल तर त्याच्या समोरच्या भागात पुट्टी भरू देऊ नका, आणि पार्किंग सेन्सरवर रंगाचे थरावर थर चढवू देऊ नका. दोन्हींचं काम बिघडतं.

आता शेड. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, पण एकाच कोडच्या अनेक उपछटा कारखान्यातून निघतात आणि ऊन त्यांत भर घालतं. चांगला पेंटर आधी छोट्या कार्डावर फवारून, क्लिअर देऊन, ते गाडीला लावून बघतो. मेटॅलिक आणि मोत्यासारख्या रंगांत कण कसे बसतात यावर शेड बदलते, त्यामुळे कार्ड जुळलं तरी पॅनलच्या जोडावर फरक दिसू शकतो. उपाय एकच: बेस कोट (रंगाचा थर) शेजारच्या पॅनलवर हळूहळू विरवत न्यायचा आणि क्लिअर मात्र त्या पूर्ण पॅनलवर मारायचा. विमा कंपनी ‘शेजारचं दार तर ठीक आहे’ म्हणून ही ओळ कापायला बघते. रंग मेटॅलिक असेल तर त्यासाठी भांडा.

पायरी ६: डिलिव्हरी

समाधानपत्रावर सही गाडी तपासल्यावरच. गाडी दिवसाउजेडी, धुतलेली पण कोरडी घ्या. ओल्या गाडीवर सगळे दोष लपतात.

फटी बघा. बॉनेट, फेंडर, दार यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आणि दुसऱ्या बाजूइतकीच हवी. दारं, डिकी, बॉनेट दोन-दोनदा उघडा; लावताना उचलावं लागलं तर बिजागरी जुळलेली नाही. रंगाकडे तिरप्या नजरेने बघा: ओघळ, धूळकण, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, रबरांवर उडालेला रंग. एखादा धूळकण पॉलिशने जातो, ओघळ घासून काढता येतो, पण फुगलेले बारीक फोड असतील तर पॅनल परत रंगवावं लागतं; थर सुकण्याआधी त्यावर दुसरा चढवल्याने आतला सॉल्व्हंट अडकलेला असतो.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुन्हा रंगवलेलं पॅनल त्याहून जास्त, २०० ते ३०० पर्यंत. हजाराच्या पुढे आकडा गेला म्हणजे खाली पुट्टी आहे. प्लास्टिकवर हे मीटर चालत नाही, आणि ॲल्युमिनियमसाठी त्याला मोजणारं मीटर लागतं.

मग चालवून बघा. सपाट, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्यावर राहतं का, ब्रेक मारल्यावर गाडी ओढते का, एसी थंड करतो का, दोन्ही हेडलॅम्पचा झोत भिंतीवर समान उंचीवर पडतो का. सोबत घ्यायचे कागद: भागांच्या क्रमांकांसह बिल, आधीचा-नंतरचा स्कॅन, अलाइनमेंटचा प्रिंट, कॅलिब्रेशनचा दाखला, आतल्या कामाचे फोटो, लेखी हमी. खोट सापडली तर समाधानपत्रावरच लिहा किंवा सही थांबवा. तोंडी ‘पुढच्या आठवड्यात आणा’ला मान डोलावू नका.

रकमेवरून कंपनीशी मतभेद झाला तर कोणती ओळ, किती आणि कोणत्या कलमाखाली कापली, हे लेखी मागा. कितीदा तरी एवढ्या मागणीनेच एखाद-दोन ओळी परत येतात. नाही आल्या तर कंपनीचा तक्रार विभाग, मग स्वतंत्र मूल्यमापक किंवा तुमच्याकडची विमा तक्रार यंत्रणा. गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, ठरवली गेली तर भांडण दुरुस्तीचं राहत नाही, गाडीच्या किमतीचं होतं. मॉडेल, प्रकार, किलोमीटर आणि अवशेषांची वजावट नीट धरली आहे का, तेवढं तपासा.

नव्या रंगावर पहिला महिनाभर मेण किंवा कोटिंग नको, त्यातला सॉल्व्हंट बाहेर पडायचा असतो. ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंगही दोन आठवडे टाळा. पक्ष्यांची विष्ठा दिसली की लगेच भरपूर पाण्याने धुवा. चाक काढलं गेलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दुरुस्त बाजूचं कार्पेट आणि डिकीतली स्टेपनीची खोबण हाताने चाचपून बघा. ओल लागली तर सीम सीलर किंवा टेललॅम्पचं रबर राहून गेलंय, आणि ते काम हमीत बसतं.